तळ्यातलं हिरवं, पाइपातलं बुळबुळीत आणि कुंपणावरचं पिवळं: दिंडोरीच्या एका द्राक्षबागेचं प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळी साडेसहाला मामांचा फोन. मामा फोन करतात ते संध्याकाळी आणि तेही आंबे उतरवलेत घेऊन जा एवढंच सांगायला, त्यामुळे नाव बघूनच पोटात गोळा आला. पण तब्येतीचं काही नव्हतं. म्हणाले, "अगं, तू ते झाडाझुडपांचंच शिकली ना, मग मला सांग, तळ्याचं पाणी हिरवंगार झालंय, दुकानातून औषध आणून टाकलं, मग मोरचूद टाकलं, थोडे दिवस बरं राहतं की पुन्हा तेच. आणि आता ड्रिपर बंद पडू राहिलेत. खरड छाटणी झालीये, फुटी निघू राहिल्या आणि अर्ध्या ओळी कोरड्या."

मी नाशिकला कॉलेज रोडवर अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्युशन घेते. द्राक्षातलं मला खाण्यापुरतं कळतं. पण प्रकाशसंश्लेषण कोण करतं आणि कोण करत नाही हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, पोरं वहीत उतरवतात, परीक्षेत एक-दोन मार्काला येतं आणि विषय संपतो. या प्रकरणात त्याच एका प्रश्नावर मामांचे पैसे वाया गेले होते आणि त्याच प्रश्नावर थोडे वाचले, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

बाग दिंडोरीच्या पुढं, साडेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ला आली तेव्हाच्या लाटेत घेतलेलं तळं, आत पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक. पावसाळ्यात ओढ्यातून आणि विहिरीतून भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात त्यावर बाग काढायची. तळ्यातून पाणी आधी एका सिमेंटच्या टाकीत येतं, वरून उघडी टाकी, तिथून सँड फिल्टर, स्क्रीन फिल्टर आणि मग लॅटरल, म्हणजे ओळीओळीतून जाणारे ड्रिपचे काळे पाइप. तळ्यात मामींनी हौसेनं रोहू-कटला सोडलेले.

आधी काय काय करून झालं होतं

फेब्रुवारीच्या शेवटी पाणी हिरवट दिसायला लागलं. मामा दुकानात गेले, दुकानदार म्हणाला शेवाळ म्हणजे बुरशीचाच प्रकार, आणि एक बुरशीनाशक दिलं. आता यात दुकानदाराला फार शिव्या घालण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे ओलसर भिंतीवर काहीही उगवलं की कुणी शेवाळ म्हणतं कुणी बुरशी, बोलताना दोन्ही सरमिसळच असतात. पण औषध निवडताना फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. बुरशी स्वतःचं अन्न बनवत नाही, अख्ख्या बुरशीच्या कुळात एकही जात अशी नाही जी उजेडावर जगते. मशरूम असो, ब्रेडवरचा मऊ काळा बुरा असो, द्राक्षावरची भुरी असो, सगळ्यांचं पोट दुसऱ्यावर. शेवाळ बरोब्बर उलटं. बुरशीसाठी बनवलेली ती पुडी तळ्यात पडली आणि तळ्याला काही म्हणजे काही झालं नाही.

मग शेजारच्या मळ्यातून सल्ला आला, मोरचूद टाका. हे मात्र चाललं. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं शेवाळाला खरंच मारतं. तीन-चार दिवसात पाणी निवळलं, मामा खूश. आणि पाचव्या दिवशी सकाळी मासे पालथे. मामी अजून तो विषय काढला की गप्प होतात. झालं असं की एवढं सगळं शेवाळ एकदम मेलं, ते कुजायला लागलं, कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतला. तांब्याचाही हात असेल त्यात. मामी म्हणाल्या की त्याच्याआधीही पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून वासायचे, दुपारी नाही, फक्त पहाटे. ही गोष्ट त्यांनी अशीच बोलता बोलता सांगितली पण माझ्या दृष्टीनं निम्मं निदान तिथंच झालं होतं. उजेडात ऑक्सिजन सोडणारा जीव रात्री तोच ऑक्सिजन वापरतो, श्वास काय त्याला सुटलेला नाही, त्यामुळे पाणी जितकं जास्त हिरवं तितकी पहाट जास्त गुदमरलेली.

तीन आठवड्यांनी पाणी परत हिरवं.

पीएच मीटर बिघडलेलाच नव्हता

रविवारी मी म्हसरूळवरून दिंडोरी रोडनं गेले. गेल्या गेल्या मामांनी आणखी एक तक्रार सांगितली जी त्यांच्या मते या सगळ्याशी संबंधित नव्हती. फवारणीचं पाणी किती आम्ल किती अल्कली ते बघायला त्यांच्याकडे छोटा पीएच मीटर आहे, द्राक्षवाल्यांकडे बहुतेक असतोच, कारण पाणी जास्त अल्कली असेल तर काही औषधं टाकीतच निकामी होतात. तर म्हणे मीटर बाद झालाय, सकाळी ८ दाखवतो आणि दुपारी त्याच पाण्याला ९च्या वर. नवीन आणलासुद्धा, तोही तसाच.

मला हसूच आलं. दोन्ही मीटर बरोबर होते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याला किंचित आंबट ठेवतो. ऊन चढलं की हिरवे जीव तो खाऊन टाकतात, आंबटपणा जातो, पीएच वर चढतो. रात्री उजेड नाही, खाणं बंद, श्वास चालू, कार्बन डायऑक्साइड परत पाण्यात, सकाळी पीएच खाली. म्हणजे मामा महिनाभर रोज दोनदा तळ्याचं प्रकाशसंश्लेषण मोजत होते आणि मीटरला शिव्या देत होते. माझ्या ट्युशनमधे हेच दाखवायला हायड्रिलाची फांदी, नरसाळं, उलटी परीक्षानळी आणि बुडबुडे मोजत बसणारी चाळीस पोरं लागतात. जगदीशचंद्र बोस यांनी १९२०च्या दशकात याच हायड्रिलाच्या बुडबुड्यांवर केवढं काम करून ठेवलंय, आणि इथं एका द्राक्षवाल्याकडं बुडबुड्यांशिवाय आकडे तयार होते.

तरी खात्री करायला दोन बाटल्या भरल्या, बिसलेरीच्याच. एकीला मामींच्या किचनमधला पोळ्या गुंडाळायचा फॉइल चारी बाजूंनी गुंडाळला, दुसरी उघडी, दोन्ही गच्चीवर शेजारी शेजारी. मामेभावाला सांगितलं दहा दिवस हात लावू नको. तिसरी बाटली नुसती रात्रभर फ्रिजमधे उभी ठेवली, न हलवता.

सकाळी फ्रिजमधल्या बाटलीनं मला खोटं पाडलं. आदल्या दिवशी मी मोठ्या तोंडानं सांगून बसले होते की मामा हे शेवाळ म्हणजे बारकी बारकी पाणवनस्पतीच समजा. साधं हिरवं शेवाळ असतं तर ते पाण्यात पसरून राहिलं असतं किंवा तळाशी बसलं असतं. इथं सगळं हिरवं वर येऊन बाटलीच्या गळ्याशी जाड कडं करून बसलेलं, जसा काही पोपटी रंग सांडलाय. वर तरंगणारं म्हणजे बहुतेक नील-हरित शेवाळ, आणि त्याला नावात शेवाळ असलं तरी ते शेवाळच नाही. तो बॅक्टेरिया आहे. नंतर ट्युशनच्या मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बारीक गोल पेशींचे पुंजके, आणि हिरवा रंग हरितलवकांच्या पुड्यांत बांधलेला नाही, पेशीभर सारखा पसरलेला.

मामा म्हणाले, "बॅक्टेरिया आणि हिरवा?" त्यांच्या डोक्यात बॅक्टेरिया म्हणजे जुलाब. मग सांगितलं की बॅक्टेरियातले बहुतेक स्वतःचं अन्न बनवत नाहीत हे खरं, पण हे नील-हरितवाले बनवतात, आणि नुसतं बनवत नाहीत तर झाडासारखंच पाणी फोडून ऑक्सिजन सोडतात. जवळपास २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो यांच्याच जोरावर, तेव्हा झाड नावाची वस्तू पृथ्वीवर नव्हती. आणि पुढं शंभर कोटी वर्षांहून आधी कधीतरी असाच एक जीव दुसऱ्या मोठ्या पेशीच्या पोटात गेला, पचला नाही, तिथंच राहिला. पानातलं हरितलवक ते हेच. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ला हे जोरात मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, आता शाळेच्या पुस्तकात आहे.

"म्हणजे माझ्या द्राक्षाच्या पानात पण हाच बसलाय?" मामा.

याचा लांबचा भाऊबंद, हो.

"आणि तळ्यात याला मारायला मी पैसे घालू राहिलो." यावर मामी पहिल्यांदा हसल्या, माशांच्या नंतर.

यात एक कामाची गोष्ट होती जी बॅक्टेरिया ओळखल्यामुळेच कळली. यातल्या काही जाती विष तयार करतात आणि जनावरांनी ते पाणी प्यायलं तर दगावूही शकतात, शिवाय मोरचूद टाकून पेशी फोडल्या की आतलं विष एकदम पाण्यात मोकळं होतं. गोठ्यातल्या दोन गायी तळ्याच्याच पाण्यावर होत्या. त्याच दिवशी त्यांचं पाणी विहिरीवर वळवलं. साधं शेवाळ समजून बसलो असतो तर हे सुचलं नसतं.

काळ्या पाइपात शेवाळ वाढत नाही, मग ते काय होतं

आता ड्रिपर. मामेभावानं एका लॅटरलची शेवटची टोपी काढून पाणी सोडलं, आधी तपकिरी गदळ आलं आणि मग शेंबडासारखे बुळबुळीत तुकडे, वास नाल्यासारखा. तो म्हणाला बघ शेवाळ आत वाढलंय.

इथं थांबून विचार करायला पाहिजे. लॅटरल काळी का असते? कार्बनचा काळा रंग उन्हानं प्लास्टिक पिचू देत नाही हे एक, आणि आत उजेड जाऊ देत नाही हे दुसरं. गच्चीवरची पाण्याची टाकी काळी असते त्यातही हा मुद्दा येतोच. उजेड नाही तर हिरवं वाढणारच नाही, मेलेलं वाहून येईल फारतर. त्यामुळे आत जे चिकटून वाढत होतं ते उजेडावर जगणारं असूच शकत नव्हतं. ते दुसरेच बॅक्टेरिया होते, आयतं खाणारे. त्यांना आयतं कोण देत होतं? तळ्यातलं मेलेलं हिरवं, जे सँड फिल्टरमधून बारीक होऊन पुढं जात होतं, आणि ड्रिपमधून सोडलेल्या गुळाच्या स्लरीचा उरलासुरला भाग. म्हणजे मोरचूद टाकून तळं निवळलं त्या आनंदाच्या पंधरवड्यातच पाइपात मेजवानी चालू होती. तळ्यात स्वयंपाक आणि पाइपात पंगत.

मामांनी मार्चमधे लॅटरलला अॅसिड ट्रीटमेंट पण केली होती. अॅसिड क्षार काढतं, हा बुळबुळा काढत नाही. तोही खर्च गेला.

माझ्या मायक्रोस्कोपची ताकद बॅक्टेरिया नीट बघण्याएवढी नाही, खोटं कशाला बोला. पण त्या गदळात जिवंत हिरवं काही नव्हतं, फिकी टरफलं होती, एवढं दिसलं. मग फॉइलवालीच युक्ती उलटी केली. चमचाभर गदळ, उकळून गार केलेलं पाणी, सुपारीएवढा गूळ, आणि बाटली कपाटात पूर्ण अंधारात. तीन दिवसात पाणी गढूळ, कडेला तसाच बुळबुळीत थर आणि झाकण उघडल्यावर मामेभाऊ मागं सरकला. अंधारात गुळावर फोफावतंय म्हणजे याला उजेडाशी देणंघेणं नाही.

गच्चीवरच्या बाटल्यांचं दहा दिवसांनी मामेभावानं फोटो पाठवून कळवलं. उघडी आणखी गडद. फॉइलवाली फिकी, थोडा थर तळाशी. सगळं मेलं असं मी म्हणणार नाही, हे जीव अंधारात बरेच दिवस तग धरतात, पण वाढलं नव्हतं. आपल्याला तेवढंच हवं होतं, उजेड बंद केला की वाढ बंद.

मग मामेभावानं कुंपण झाकायला घेतलं

हे मला मे महिन्यात कळलं. उजेड बंद करा हा मंत्र त्याला एवढा आवडला की बांधावरच्या मेंदीच्या कुंपणावर आणि बोरीवर जी अमरवेल माजली होती तिच्यावर त्यानं उरलेला मल्चिंग पेपर टाकला. म्हणाला वेल आहे, झाड आहे, उजेड बंद केला की मरेल. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर मेंदी पिवळी पडून गळत होती आणि अमरवेल मजेत.

वेल आहे हे खरं. फुलं येतात, बी येतं, अगदी पक्की वनस्पती, रताळ्याच्या कुळातली. पण वनस्पती म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारच हे गणित हिच्या बाबतीत चुकतं. पानं जवळपास नाहीत, खवल्यांसारखी खूण उरलीय, रंग पिवळा-केशरी. थोडंसं हरितद्रव्य खोडात सापडतं पण त्यावर तिचं पोट भरत नाही. बी रुजलं की काही दिवसात यजमान गाठावा लागतो, नाही सापडला तर संपली. सापडला की सोंडेसारखी शोषक मुळं त्याच्या खोडात घुसवते आणि मग जमिनीशी नातंच तोडते, खालचं मूळ वाळून जातं. यजमान कसा शोधते ते तर भन्नाट आहे, २००६ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी दाखवलं की अमरवेलीच्या एका जातीचं रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेनं झुकतं. म्हणजे नाक लावून शिकार.

तर हिचा स्वयंपाक मेंदीच्या पानात होतो. झाकायचं असेल तर चूल झाकली जाते मेंदीची, आणि आधी मरणार मेंदी. मल्चिंग पेपर काढायला लावला. वेल नुसती ओढून काढून उपयोग नसतो कारण तुटके तुकडे पुन्हा जोर धरतात, त्यामुळे जिथं जिथं तिची मुळं घुसलीत त्याच्या खालून मेंदीच्या फांद्याच छाटल्या, बोरीची एक मोठी फांदी गेली, आणि सगळं बी धरायच्या आत जाळलं. बांधावर फेकलं नाही. जमिनीत पडलेलं बी मात्र कित्येक वर्षं टिकतं, त्यामुळे हे एकदा करून भागणार नाही हे सांगून ठेवलं.

घरासमोरच्या आंब्यावर बांडगूळ पण आहे. मामेभावाला वाटलं तेही तसलंच. इथं मला मराठी भाषेवर थोडा राग आहे. फुकट खाणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो, आणि बिचारं बांडगूळ स्वतःची हिरवीगार जाड पानं घेऊन बसतं, साखर स्वतः बनवतं, चोरतं ते पाणी आणि क्षार. म्हणजे शेजाऱ्याच्या नळाला पाइप जोडून घरी स्वतः स्वयंपाक करणारा. खरा ऐतखाऊ ती अमरवेल, आणि तिला नाव काय तर अमर. ज्वारीतला टारफुलाही बांडगुळासारखाच अर्धा चोर, फक्त तो मुळांवर बसतो. आणि ज्याच्या खोडाला आपण देवापुढं उगाळतो तो चंदनसुद्धा शेजारच्या झाडांच्या मुळांना तोंड लावून जगतो, म्हणून तर चंदन लावणारे शेजारी तूर लावतात. पानं हिरवी आहेत का एवढं बघून निम्मा निकाल लागतो, सगळा नाही.

ओट्यावरची परीक्षा

मेच्या शेवटी आंबे आणायला गेले तेव्हा जेवणं झाल्यावर ओट्यावर मामा, मामी, मामेभाऊ आणि शेजारची दोन पोरं यांचा क्लासच भरला. मामींनी आतून वस्तू आणायच्या आणि बाकीच्यांनी सांगायचं करतो की नाही.

कांदा आला. पात करते, कांदा करत नाही, तो पातीनं कमावलेल्याची तिजोरी. मामा लगेच म्हणाले म्हणून माना पडेपर्यंत काढायचा नसतो. निफाड-लासलगाव पट्ट्यात कुणालाही विचारा, हे प्रकाशसंश्लेषणच आहे, फक्त नाव वेगळं.

लाल माठावर भांडण झालं. शेजारचं पोरगं म्हणालं लाल आहे म्हणजे नाही करत. मामींनी पातेल्यात उकळून दाखवला, लाल रंग पाण्यात उतरला आणि पान हिरवं. वरून लाल झूल पांघरलेली, आत हरितद्रव्य आहेच. रंगावर जाऊ नका हे मी सांगून जे झालं नसतं ते पातेल्यानं केलं.

मग मामींनी काळ्या मसाल्याच्या डब्यातून दगडफूल आणलं आणि इथं सगळे अडकले. दगडफूल म्हणजे एक जीव नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. शेवाळ उजेडावर साखर करतं, बुरशी घर, ओलावा आणि दगडाला धरून बसायची सोय देते. त्यामुळे दगडफूल प्रकाशसंश्लेषण करतं का याचं उत्तर घरातलं एक माणूस करतं असं द्यावं लागतं. अझोल्याचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या त्या बारक्या नेच्याचं, तसं नाही, तो स्वतः करतो, आणि वर त्याच्या पानात राहणारा नील-हरित बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन बांधून देतो, म्हणून तर गायींना तो खाऊ घालतात. म्हणजे जो तळ्यात शत्रू त्याचाच नातलग अझोल्याच्या वाफ्यात पोसलेला. मामा यावर काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले.

डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचं मामांनीच विचारलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की पानावर तेलकट डाग आणि खालून पांढरी लव, नाशिकच्या द्राक्षवाल्याला याच्याइतकी भीती कशाची वाटत नसेल. ती उजेडावर जगत नाही, पानातलं खाते, एवढं सरळ. पण गंमत अशी की ती खरी बुरशीही नाही. पेशीची भिंत बुरशीसारखी कायटिनची नसून मुख्यतः सेल्युलोजची, आणि नातेवाईक कोण तर तपकिरी समुद्री शेवाळ आणि डायॅटम, दोघंही उत्तम प्रकाशसंश्लेषण करणारे. भाऊबंद चूल पेटवून बसलेत आणि ही दारोदार. ज्या बोर्डो मिश्रणानं तिला धरतात त्याची जन्मकथाही मामांना आवडली. फ्रान्समधे बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. १८८२ला मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी नाही, आणि १८८५ला त्यानं ते मिश्रण जगापुढं आणलं.

प्राणी करतात का, हा प्रश्न पोरांचा. स्वतःच्या जिवावर कुणीच नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पानासारखी हिरवी एक समुद्री गोगलगाय आहे, ती शेवाळ खाते आणि त्यातली हरितलवकं न पचवता अंगात ठेवून घेते, महिनोन् महिने ती चालूही राहतात. पण तिच्यासारख्या दुसऱ्या गोगलगायी अंधारात उपाशी ठेवल्या तरी जगल्या असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं, त्यामुळे चोरीच्या मालावर त्यांचं पोट किती भरतं यावर वाद आहे. प्रवाळाचंही भाड्यानं ठेवलेल्या शेवाळावर चालतं. "आणि आपण उन्हात बसतो ते?" नाही रे बाबा, त्यानं ड जीवनसत्त्व बनतं, पोट भरत नाही. उजेड वापरणं म्हणजे प्रकाशसंश्लेषण नव्हे. जून २०२०ला लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं ते खारट पाण्यातल्या ज्या सूक्ष्मजीवांमुळे, त्यांच्यातले काही उजेडातून ताकद घेतात, पण त्या ताकदीनं कार्बन डायऑक्साइडची साखर करत नाहीत. खाणं बाहेरूनच लागतं.

शेवटी काय केलं

अख्खं तळं झाकणं परवडणारं नव्हतं. शेडनेटचा हिशेब काढला आणि मामांनी कागद घडी करून खिशात घातला. मग जिथं झाकणं सोपं तिथं झाकलं, सिमेंटची टाकी, वर पत्रे आणि फटींना काळं कापड. दुसरं, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे गावात ज्याला सगळे फुटबॉल म्हणतात तो, पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत होता. हे हिरवे जीव उजेडासाठी वर येतात आणि हा बरोबर तिथूनच पाणी ओढायचा. ट्रॅक्टरच्या ट्यूबला बांधून तो दीड मीटर खाली सोडला, पण तळाच्या गाळापासून वर. तिसरं, बागेतून वाहून येणारं खताचं पाणी तळ्यात उतरायचं, तिथं बांध घातला, कारण उजेड असला तरी नुसत्या उजेडावर कुणी जगत नाही, स्फुरद-नत्र लागतंच. चौथं, गुळाची स्लरी ड्रिपमधून सोडणं बंद, बादलीनं वेलीच्या बुडाशी. आणि लॅटरलमधल्या बुळबुळ्याला क्लोरीन, मग टोप्या काढून सगळ्या ओळी फ्लश. मामांना तीनदा बजावलं की क्लोरीन आणि अॅसिड एका दिवशी एका पाइपात नाही, त्यातून विषारी वायू निघतो, आणि खतातही मिसळायचं नाही.

आधी स्क्रीन फिल्टर दिवसातून दोनदा धुवावा लागायचा, जूनमधे तीन-चार दिवसांतून एकदा. कोरड्या ओळींपैकी बहुतेक सुरू झाल्या, सात-आठ ओळींचे ड्रिपर बदलावेच लागले. त्या ओळींच्या काड्या बारीक राहिल्या, त्याचं या वर्षी काही होणार नाही. तळं पावसापर्यंत हिरवटच होतं, अगदी निवळलं असं म्हणणार नाही. अमरवेल जुलैत बोरीखाली पुन्हा उगवली, दोन वितींची असतानाच मामेभावानं उपटली आणि फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "वास घेत चालली होती".

पीएच मीटर. झाकलेल्या टाकीतलं पाणी आता सकाळी आणि दुपारी जवळपास सारखं दाखवतो. मामा नवीन मीटर परत करायला गेले, दुकानदार म्हणाला पैसे परत मिळत नाहीत, त्याबदल्यात दुसरं काहीतरी घ्या, आणि घरी आल्यावर पिशवी उघडली तर तळ्यात टाकली होती त्याच बुरशीनाशकाच्या चार पुड्या.